वीस मीटर तार

परवाना आला तेव्हा मी चोपन्न वर्षांची,
आणि आमचं आकाश म्हणाल तर
विहिरीवर आहे तेवढंच.
बाकी सावईवेऱ्यात वर बघितलं की
झावळ्या, पोफळींचे शेंडे, मिरवेल,
आणि मधोमध फणस. तोही रसाळ,
गरे शेजारी मागत नाहीत, गाय खाते.

रामनाथनं विचारलं, जागा किती लागेल?
म्हटलं, लाट चाळीस मीटरची,
तिला अर्धी तार पुरते.
अर्ध्यात भागतं, तो म्हणाला,
असं या घरात पहिल्यांदाच ऐकतोय.

आधी उभा खांब बघितला. चित्रात देखणा,
मोकळ्या माळावर एकटा, चकचकीत.
पण त्याला जमिनीत तांब्याची मुळं लागतात,
सोळा तरी, चहूकडे पसरलेली.
आमच्या जमिनीत आधीच इतक्यांची मुळं,
चार-चार हातांवर पाट,
आणि पाण्याला वाट करून देणारी
कुणाची ना कुणाची कुदळ.

मग डायपोल.
मध्ये उंच, दोन्हीकडे उतरता,
दहा मीटर इकडे, दहा तिकडे, कौलांसारखा.
आकृतीत मध्ये नेमका फणस आला.
धाकटे दीर मडगावहून आले होते,
बशीतून चहा पीत म्हणाले,
तोडून टाका, नाहीतरी रसाळच.
मी वही मिटली.
तीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे,
चुकीचं उत्तर कुठल्या आवाजात येतं
ते ओळखते.

ज्याला पहिल्यांदा विचारायचं
त्याला शेवटी विचारलं.
पुरसो पाडेली. कमरेला कोयती,
पायांत काथ्याचा फास, अर्धा चढलेला.
तार वर दिली. त्यानं ती
दोन बोटांत धरून थोडी हलवली.
"हिका वजन ना," म्हणाला,
"पूण वाऱ्याक आसा."
मग खाली उतरून बिडी पेटवली आणि सांगितलं:
पोफळ कुठल्याही वाऱ्याचं ऐकते,
माड मोठ्या वाऱ्याचं,
फणस कुणाचंच नाही.
एक टोक फणसाला घट्ट बांधा.
दुसरं माडावरून नुसतं सोडा,
खाली धोंडा लटकवा.
माड वाकेल, धोंडा वर जाईल,
तार तुटायची नाही, बाय.

वेढे मी मोजून घातले,
दोनदा चुकले, दोनदा उसवले.
पेटी फणसाच्या खोडाला,
तिथून केबल खिडकीत.
धोंडा म्हणून फुटक्या रगड्याचा तुकडा.
पुरसो दोरी घेऊन माडावर गेला
आणि वरून ओरडला, जुवारी दिसते!
(दिसत नाही. तो दर माडावरून हेच सांगतो.)

मीटरचा काटा पहिल्या दिवशी
नापास पोरासारखा मान वर करून बसला.
हातभर तार कापली. मग वीतभर.
मग काटा बसला.

सकाळी सातच्या सुमाराला
खरखरीतून एक म्हातारा आवाज वर आला.
अंबाजोगाई. नाव हरिश्चंद्र.
मी माझं नाव दोनदा सांगितलं, घाईत,
जणू कुणी दार लावून घेईल.
स्वच्छ येताय, ते म्हणाले,
पण मधूनच मागे सरता, पुन्हा जवळ येता.
तार हलते का?

खिडकीबाहेर रगड्याचा तुकडा
हळूच हातभर वर गेला,
थांबला,
खाली आला.
वारा आहे, मी म्हटलं.

त्यांनी ताकद विचारली नाही, यंत्र विचारलं नाही.
झाड कुठलं? त्यांनी विचारलं.
माझी कडुनिंबावर आहे.

माड, मी म्हटलं, आणि एक फणस, रसाळ,
आणि पुढे काय बोलावं सुचेना,
म्हणून नुसती बाहेर बघत राहिले.
बऱ्याच वेळानं लक्षात आलं,
अंगठा बटणावरच होता.

सोडला.
तिकडून लगेच काही आलं नाही.
मग हळू, कान लावलेल्या माणसाच्या आवाजात:
मागे वाहतंय ते पाणी आहे का?